टर्टल आधी अंगणात चालला

दिवाळीत गोसीखुर्दला घरी गेले होते. सहा वर्षांच्या भाचीनं विचारलं, "मावशी, तू पीएचडीत काय करतेस?" सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, म्हणून अंगणात खडूनं चौकटी आखल्या. "मी रोबो. तू सांगशील तेवढंच करीन. मला तुळशीपर्यंत ने."

ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. "समोर, समोर, आता उजवीकडं वळ!" (आमच्या भागात 'पुढे'ला 'समोर'च म्हणतात.) मी माझ्या उजवीकडे वळले. तिच्यासाठी ती डावी बाजू. दोनदा चिडून झाल्यावर ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, तीच वाट स्वतः चालून पाहिली आणि सूचना बदलली.

या मागे येऊन उभं राहण्याला मोठा इतिहास आहे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फ्यूरझाइग, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात पियाजेंबरोबर काम करत होते. थोड्याच काळात लोगोला टर्टल मिळाला, म्हणजे जमिनीवर फिरणारा छोटा रोबो. अडलं की मुलानं स्वतः टर्टल होऊन चालून पाहायचं, ही त्यामागची कल्पना. पडद्यावरचा टर्टल नंतरचा.

पण लोगोसाठी टायपिंग यायला हवं. ज्याला अक्षरच येत नाही त्या मुलाचं काय? हा प्रश्न एमआयटीतल्या रेडिया पर्लमन या तरुण विद्यार्थिनीनं घेतला. १९७४ ते ७६ दरम्यान तिनं आधी बटणांच्या पेट्या केल्या, मग कार्डं खोचायचं यंत्र. रांगेत कार्डं लावायची, बटण दाबायचं, की टर्टल एकेक सूचना पाळणार. रांगांना रंग होते. निळं कार्ड खोचलं की निळ्या रांगेतलं सगळं काम व्हायचं. म्हणजे प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम बोलावणं, तेही साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी!

पुढे तिनं हे काम सोडलं. नंतर तिनं सांगितलं की शास्त्रज्ञ म्हणून आपल्याला गांभीर्यानं घेतलं जावं असं तिला वाटत होतं, आणि गोंडस लहान मुलांवरचा प्रकल्प म्हणजे जरा संकोचच. १९८५ मध्ये तिनं स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल केला आणि नेटवर्किंगच्या इतिहासात गेली. विषय निवडताना "हे हलकं तर नाही ना वाटणार?" असं मनात आलेल्या सगळ्यांनी, मीही त्यातलीच, हा किस्सा दोनदा वाचावा.

लोगोबद्दल दावे मात्र फार मोठे झाले होते. प्रोग्रॅमिंग शिकलं की मूल एकूणच नीट विचार करू लागतं, वगैरे. १९८४ मध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी ते तपासलं. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली कामं कशी आटोपायची याची योजना करायला दिली. न शिकलेल्यांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांचं उत्तर असं, की लाकडानं चांगलं घर बनतं का, असा प्रश्न आपण विचारत नाही. बांधणारा आणि बांधकामाची रीतही पाहावी लागते. मला दोघांचंही पटतं. पण पॅपर्ट यांच्या उत्तरात एक पळवाटही दिसते: असं म्हटलं तर दावा चुकीचा ठरणार तरी कधी?

आपल्याकडे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे लॅपटॉप आले. शाळा एकशिक्षकी, मुलं वीस-बावीस. या लॅपटॉपसाठी टर्टल आर्ट नावाचा प्रोग्रॅमही होता, म्हणजे लोगोचाच नातू. अशा ठिकाणी एका शिक्षकाच्या वाट्याला काय येतं, हे मोजायला योजना-चाचणी पुरणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीनं आबाजींना रोबो केलं. ते उठले ते थेट तुळशीपाशी जाऊन थांबले. ती वैतागून म्हणाली, "आबाजी, मी अजून सांगितलंच नाही!"