दोन्हीकडून परका : ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी तुरुंगरक्षक

कामाचा ताण म्हटला की आपल्याला रात्रपाळी, जादा तास, साहेबांची बोलणी आठवतात. पण काही ताणांची मुळे इतिहासात असतात. ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी तुरुंगरक्षकांचेच पाहा.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील रॉटनेस्ट बेटावर १८३८ पासून मूळनिवासी पुरुषांना कैदेत ठेवले जाई. शेकडो जण तिथेच दगावले आणि तिथेच पुरले गेले. त्यामुळे तुरुंगाचा गणवेश या समाजाला आपला वाटणे कठीणच होते.

कोठडीतील मृत्यू थांबेनात, तेव्हा १९८७ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला. त्याने ९९ मृत्यूंचा तपास केला आणि १९९१ च्या अहवालात ३३९ शिफारशी केल्या. मूळनिवासींना तुरुंगसेवेत भरती करावे, ही त्यांपैकी एक. कैद्याची रीतभात आणि नातीगोती जाणणारा माणूस जवळ असावा, हा विचार योग्यच होता.

पण त्या माणसाचे काय? लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेले मूळनिवासी आज कैद्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश आहेत. समोरचा कैदी रक्षकाचा चुलतभाऊही असू शकतो. समाज म्हणतो, ‘तू त्यांच्यातला झालास.’ सहकाऱ्यांना वाटते, हा कैद्यांच्या बाजूचा. शिवाय एखादा मूळनिवासी कैदी खचला की यालाच बोलावणे येते. नेमणूकपत्रात नसलेल्या या कामाला तिथे ‘सांस्कृतिक भार’ म्हणतात.

मन असे सतत सावध राहिले की शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. झोप उडते, रक्तदाब वाढू शकतो, चिडचिड होते, उदासी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. म्हणून अशा रक्षकाला नुसते ‘प्राणायाम करा’ सांगून भागत नाही. जादा कामाची नोंद व्हावी, सोबतीला आपल्यातले आणखी सहकारी असावेत, नातेवाईक कैदी असेल तर ड्यूटी बदलून मिळावी.

तुम्हीही कामावर असे दोन्हीकडून परके होत असाल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा मन ठिकाणावर नसेल, तर डॉक्टरांना भेटा. लक्षणांबरोबर कामाची हकीकतही सांगा. निदानासाठी तीही लागते.