मानेवरच्या चट्ट्याचा कोड काय?

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही. आज एका यादीचा इतिहास आहे. कंटाळवाणं वाटेल, पण दोन मिनिटं थांबा.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात 'एक कोयता'. पुढचे पाच-सहा महिने फडात. परत येतात तेव्हा मान, कान, हातांची पालथी बाजू काळवंडलेली, कुणाची जाड झालेली, कुणाची रात्रभर खाजणारी. विचारलं तर एकच उत्तर: "उन्हानं झालंय."

घरात एवढं पुरतं. दवाखान्याच्या कॉम्प्युटरला नाही पुरत. त्याला कोड लागतो. मी हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही यादी रोज समोर असते: आयसीडी, म्हणजे रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण.

ही यादी मुळात आजारांची नव्हतीच, मरणाची होती. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत ती बऱ्याच देशांनी स्वीकारली आणि साधारण दर दहा वर्षांनी सुधारायचं ठरलं. आता बघा, रापलेल्या मानेनं कोण मरतं? कुणीच नाही. मग अशा यादीत तिला कितीशी जागा मिळणार? १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सहावी आवृत्ती काढली, तेव्हा न मारणारे आजारही त्याच यादीत नीट आले.

तरी सूर्याला स्वतःचं घर नव्हतं. १९७५ च्या नवव्या आवृत्तीत उन्हाचा त्रास ६९२ या कोडखाली होता आणि ६९२ म्हणजे स्पर्शानं होणारा त्वचादाह. साबण लागून झालेली खाज आणि ऊन लागून झालेली खाज, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये! १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत स्वतंत्र विभाग आला, एल-५५ ते एल-५९. एल-५५ म्हणजे उन्हानं भाजणं. एल-५६ मध्ये औषध घेतल्यावर ऊन सोसेनासं होतं ते, उन्हानं उठणाऱ्या गांधी, आणि एल-५६.४ हे उन्हाचं पुरळ, जे आपल्याकडे भरपूर दिसतं. एल-५७ मध्ये वर्षानुवर्षांच्या उन्हाचे परिणाम. विभागाचं पहिलं पान भाजण्याला दिलंय, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीसकट. आपली कातडी लाल होऊन सोलण्याआधी काळवंडते. आणि गालावरचा वांग? त्यात उन्हाचा मोठा हात असतो, पण तो या विभागात नाहीच. तो एल-८१.१, रंगद्रव्याच्या बिघाडात.

खरी गंमत पुढे आहे. १९५६ साली आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये पुण्यात सापडलेल्या एका परदेशी तणाची नोंद छापली. तेच आपलं गाजर गवत, काँग्रेस गवत. काही वर्षांत ते बांधाबांधावर पोचलं आणि माणसांची तोंडं-माना सुजायला लागल्या. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या गवतानं होणाऱ्या त्वचादाहावर लेख लिहिला. हा त्रास उघड्या अंगावर होतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, ऊनच लागलंय. फरक कुठे दिसतो? वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागची जागा इथे सावली असते, ऊन सहसा ते सोडून देतं. गवताची वाळलेली धूळ सोडत नाही. तेव्हा कोड एल-२३.७, वनस्पतीची ॲलर्जी. पण काहींना वर्षानुवर्षं त्रास झाला की कातडीला ऊनही सोसेनासं होतं. मग एल-५७.१. म्हणजे एकच माणूस, तीच मान, दोन कोड, आणि दोन्ही खरे.

अजून एक. मानेभोवती माळेसारखा काळा पट्टा, तोही उन्हातल्या भागावरच. हा पेलाग्रा असू शकतो, नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. कोड ई-५२, कातडीच्या प्रकरणात नाहीच, आहाराच्या प्रकरणात. हैदराबादला गोपालन आणि श्रीकंटिया यांनी १९६० साली ज्वारी खाणाऱ्यांमधल्या पेलाग्राचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीनशी जोडला. त्यावर पुढे वाद झाले. ज्वारीचा दोष म्हणून भाकरी सोडू नका बरं! नुसती भाकरी आणि सोबत डाळ, दूध, शेंगदाणे काहीच नाही, अशा गरिबीचा तो आजार.

आता फडावरच्या त्या मानेकडे परत या. ऊन, गवत की पोट? ओपीडीत पन्नास माणसं रांगेत असतात, तेव्हा बहुतेक वेळा 'अनिर्दिष्ट' हा पर्याय निवडला जातो, एल-५५.९. सगळ्यात सोपं क्लिक तेच. आणि मलमाची ट्यूब हातात.

यात एक गोष्ट गळते आणि मला ती सगळ्यात टोचते. दहाव्या आवृत्तीत एक्स-३२ हा कोड आहे, 'सूर्यप्रकाशाशी संपर्क'. वाय-९६ पण आहे, 'कामाशी संबंधित स्थिती'. दोन्ही मुख्य कोडला जोडून टाकता येतात. म्हणजे ही मान रजेवर समुद्रकिनारी गेलेली नाही, कोयता चालवताना रापली, हे लिहायची सोय तीस वर्षांपासून आहे. मी पाहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे खाणं ऐच्छिक असतं, तेही दुसऱ्या पानावर. कोयत्याचा आजार कामाचा आजार म्हणून मोजलाच गेला नाही, तर उद्या कारखान्याशी किंवा सरकारशी बोलताना आकडा कुठून आणणार?

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात आजाराला कारणाचा कोड साखळीसारखा जोडायची पद्धत बरीच सुटसुटीत केलीय. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन आवडलं. आपल्याकडच्या स्क्रीनवर मला अजून दहावीच दिसते. घरात कुणी तोडीला जात असेल, तर डॉक्टरांना चट्टा दाखवताना कामही सांगा, आणि पापण्यांवर खाज येते का तेही.