इथिलीन

इथिलीन : दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचे बनलेले हायड्रोकार्बन. शास्त्रीय नाव इथीन. अल्कीन श्रेणीतील हे पहिले आणि सर्वांत साधे संयुग. रंगहीन, किंचित गोडसर वासाचा, हवेहून थोडा हलका वायू. उत्कलनबिंदू −१०३.७° से., वितळबिंदू −१६९.२° से. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २.७ ते ३६ टक्के असल्यास मिश्रण ठिणगीने पेट घेते.

नाशिक जिल्ह्याच्या शेतीत हा वायू तीन ठिकाणी काम करतो : पिकणाऱ्या टोमॅटोत तो आपोआप तयार होतो, द्राक्षबागेत इथेफॉनच्या फवारणीतून सुटतो आणि शेततळ्याच्या अस्तरात त्याच्याच रेणूंची साखळी असते. या तिन्ही कामांचे मूळ रेणूतील दुहेरी बंधात आहे.

बंधरचना : कार्बनच्या बाह्य कवचात चार इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे तो चार सहसंयुजी बंध करतो. इथेनमध्ये दोन कार्बन एका बंधाने, इथिलीनमध्ये दोन बंधांनी आणि ॲसिटिलीनमध्ये तीन बंधांनी जोडलेले असतात. बंध वाढतात तसे कार्बन जवळ येतात : अंतर अनुक्रमे १५४, १३४ आणि १२० पिकोमीटर. इथेनसारख्या, केवळ एकबंध असलेल्या हायड्रोकार्बनांना संपृक्त म्हणतात, तर दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेल्यांना असंपृक्त.

इथिलीनमधील दुहेरी बंधाचे दोन घटक एकसारखे नाहीत. प्रत्येक कार्बनचे तीन संकरित (एसपी२) कक्षक एका प्रतलात, सुमारे १२०° कोनांत पसरतात. त्यांच्यापासून दोन हायड्रोजनांशी आणि शेजारच्या कार्बनशी सिग्मा बंध होतात. प्रत्येक कार्बनवर उरलेला एकेक पी कक्षक प्रतलाला लंब असतो. हे दोन कक्षक कडेने एकमेकांत मिसळून पाय बंध बनतो. सिग्मा बंधाचे इलेक्ट्रॉन दोन अणुकेंद्रांच्या मध्ये घट्ट धरलेले असतात. पाय बंधाचे इलेक्ट्रॉन मात्र रेणूच्या वर आणि खाली पसरलेले, म्हणजे बाहेरच्या रेणूंना सहज गाठता येतील असे असतात. एकबंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे ३४७ किलोजूल आहे आणि दुहेरी बंधाची सुमारे ६११. दुहेरी बंधाची ऊर्जा एकबंधाच्या दुपटीहून कमी आहे, म्हणजेच त्यातील दुसरा बंध पहिल्याहून दुबळा आहे. विक्रियेत आधी तुटतो तो हाच. पाय बंधामुळे रेणूचे दोन भाग एकमेकांभोवती मोकळेपणी फिरूही शकत नाहीत. त्यामुळे सहाही अणू एका प्रतलात राहतात.

विक्रिया : संपृक्त हायड्रोकार्बनांत हायड्रोजन काढून त्याच्या जागी दुसरा अणू बसवावा लागतो (प्रतियोजन). इथिलीनमध्ये काहीही न काढता नवे अणू जोडता येतात (समावेशन). ब्रोमीनच्या तांबूस-नारिंगी द्रावणातून इथिलीन सोडला की रंग उडतो. पाय इलेक्ट्रॉन जवळ आलेल्या ब्रोमीन रेणूला आपल्याकडे ओढतात, एक ब्रोमीन अणू क्षणभर दोन्ही कार्बनांना धरून राहतो आणि दुसरा विरुद्ध बाजूने येऊन जोडला जातो. यातून तयार होणारे डायब्रोमोइथेन रंगहीन असते. इथेन वायूने अंधारात हा रंग जात नाही. असंपृक्तता ओळखण्याची शाळेच्या प्रयोगशाळेतली चाचणी ती हीच.

निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन जोडला तर इथेन मिळते. फॉस्फोरिक आम्लाच्या उत्प्रेरणाने वाफ जोडली तर इथेनॉल तयार होते. उलट, इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल सुमारे १७०° से.पर्यंत तापवल्यास पाणी निघून इथिलीन परत मिळतो. थंड व विरल पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंगही इथिलीनमुळे नाहीसा होतो आणि इथिलीन ग्लायकॉल बनते. पुरेशा ऑक्सिजनमध्ये जळल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते.

उत्पादन : नाफ्था, इथेन किंवा प्रोपेन वाफेबरोबर सुमारे ८००–८५०° से. तापमानाच्या नळ्यांतून अत्यल्प काळ नेले की रेणू फुटून इथिलीन मिळतो. मिश्रण लगेच थंड केले नाही तर पुढच्या विक्रिया होऊन तो वाया जातो. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे असा वायूभंजन प्रकल्प आहे.

वनस्पतींतील कार्य : दिव्याच्या वायूने वाटाण्याची रोपे खुरटतात आणि आडवी वाढतात, याला त्यातील इथिलीन कारण आहे हे रशियन शास्त्रज्ञ द्मित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवले. फळे स्वतःच हा वायू तयार करतात हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. वनस्पती मेथिओनीन या ॲमिनो आम्लापासून इथिलीन बनवते. पेशीतील ग्राही प्रथिनात तांब्याचा आयन असतो. इथिलीनचे पाय इलेक्ट्रॉन त्याच्याशी बांधले जातात आणि पेशीला संदेश मिळतो. पाय बंध नसलेल्या इथेनला हे काम जमत नाही. ॲसिटिलीनला जमते, पण त्यासाठी कितीतरी पट अधिक वायू लागतो.

टोमॅटो, केळी, आंबा आणि पपईत थोडासा इथिलीन आणखी इथिलीन बनवण्यास चालना देतो. त्यामुळे ही फळे झाडावरून काढल्यानंतरही पिकतात. द्राक्ष आणि डाळिंब यांचे तसे नाही. आंबट असताना खुडलेला घड ठेवून गोड होत नाही. म्हणूनच द्राक्षाची काढणी गोडी मोजून करतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून दूर जाणारा टोमॅटो मात्र नुकता रंग धरू लागला असता खुडला तरी चालतो, तो वाटेत पिकतो. त्यात एखादे फळ चेपलेले असेल तर जखमेमुळे ते जास्त इथिलीन सोडते आणि शेजारची फळेही लवकर मऊ पडतात. क्रेट भरताना फुटके फळ वेगळे काढण्यामागे कुजीइतकेच हेही कारण आहे.

द्राक्षबागेतील इथेफॉन : ऑक्टोबर छाटणीपूर्वी पानगळ करण्यासाठी नाशिकचे बागायतदार इथेफॉन फवारतात. हे क्लोरोइथिल फॉस्फॉनिक आम्ल आहे. आम्लधर्मी द्रावणात, म्हणजे सामू कमी असताना, ते टिकते. पानाच्या पेशीतील सामू उदासीनतेच्या जवळ असल्याने तिथे त्याचे विघटन होऊन क्लोराइड, फॉस्फेट आणि इथिलीन तयार होतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. इथिलीनच्या संदेशाने तिथे पेशीभित्ती विरघळवणारी विकरे तयार होतात, सांधा सैल होतो आणि पान गळते. पाने गेली की काडी उघडी पडते, डोळे नीट दिसतात आणि छाटणी सोपी होते. द्रावण कालवून फार वेळ ठेवले किंवा त्याचा सामू वाढला तर काही वायू टाकीतच सुटून जातो आणि फवारणीचा परिणाम घटतो. रंगीत जातींत मणी एकसारखे रंगावेत म्हणूनही इथेफॉन वापरतात.

साठवण : कांद्याला शीतगृहात सतत मंद इथिलीन दिल्यास कोंबांची वाढ दबते, असे प्रयोगांत आढळले आहे. हवा खेळती ठेवणाऱ्या कांदाचाळीत वायू साठून राहत नाही, म्हणून तिथे हा उपाय लागू पडत नाही. कोंब रोखण्याचा वेगळा मार्ग, गॅमा किरणांचा मारा, लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ प्रकल्पात २००२ पासून उपलब्ध झाला. पालेभाज्या इथिलीनने पिवळ्या पडतात. त्या पिकत्या फळांबरोबर ठेवू नयेत.

कायदा व कार्बाइड : रायपनिंग चेंबरमध्ये दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची परवानगी आहे. फळाच्या श्वसनातून साठणारा कार्बन डायऑक्साइड ठरावीक काळाने बाहेर सोडावा लागतो, नाहीतर पिकणे मंदावते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास २०११ च्या नियमांनुसार बंदी आहे. कार्बाइडवर ओलावा पडताच ॲसिटिलीन सुटतो. औद्योगिक कार्बाइडमधील अशुद्धींमुळे त्याबरोबर फॉस्फीन आणि आर्सीन हे विषारी वायूही बाहेर पडतात. वरून पिवळी आणि आतून कच्ची राहिलेली फळे हे अशा पिकवण्याचे नेहमीचे लक्षण. अधिकृत वायू उपलब्ध असताना हा धोका कामगाराने किंवा गिऱ्हाइकाने पत्करण्याचे काहीही कारण उरत नाही.

पॉलिथिलीन : इथिलीनचे पाय बंध उघडून हजारो रेणू एकमेकांना जोडले की पॉलिथिलीन हे बहुवारिक बनते. १९३३ मध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांना ते अत्युच्च दाबाखाली अनपेक्षितपणे मिळाले. १९५३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबाचा उत्प्रेरक शोधला. त्यासाठी त्यांना जुलिओ नात्ता यांच्यासह १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ठिबकच्या लॅटरल आणि शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद याच पदार्थाचा असतो. साखळी तयार होताना दुहेरी बंध संपतात. उरलेले एकबंध पाणी, खते आणि सौम्य आम्ले यांना दाद देत नाहीत. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात, म्हणून त्यात काजळी मिसळतात. अस्तर वर्षानुवर्षे टिकते ते याच स्थैर्यामुळे, आणि फाटलेला कागद मातीत कुजत नाही तोही याचमुळे. त्याचे तुकडे बांधावर न जाळता, जमिनीत न गाडता, गोळा करून पुनर्वापरासाठी देणे हाच त्याचा योग्य शेवट होय.