खंड पडलेली वर्षे

आपल्याकडे शिक्षणात एखादे वर्ष जरी मोकळे गेले, तरी पुन्हा प्रवेश घेताना महाविद्यालय ‘गॅप सर्टिफिकेट’ मागते. मधल्या काळात आपण काय करत होतो, दुसरीकडे कुठे नाव घातले नव्हते ना, याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. माझे स्वतःचे शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटले ते सुटलेच. पुढचे सारे वाचन ग्रंथालये आणि रद्दीची दुकाने यांच्या आधाराने झाले. त्यामुळे कोणाचेही चरित्र हातात आले की माझी नजर आधी शिक्षणाच्या सनावळीकडे जाते. गेली काही वर्षे संगणकाच्या इतिहासाची टिपणे काढताना या सवयीमुळेच एक गोष्ट ध्यानात आली.

डग्लस एंगलबार्ट : शाळा संपली १९४२ मध्ये, पदवी मिळाली १९४८ मध्ये. जॉन बॅकस : विद्यापीठात पाऊल ठेवले १९४२ मध्ये, पदवी १९४९ मध्ये. फर्नांडो कॉर्बाटो : प्रवेश १९४३ मध्ये, पदवी १९५० मध्ये. एंगलबार्ट यांनी पुढे ‘माउस’ दिला, बॅकस यांनी फोरट्रान ही भाषा दिली आणि कॉर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. तिघांनाही संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिघांच्याही शिक्षणात मोठा खंड आहे आणि त्याचे कारण एकच आहे, दुसरे महायुद्ध.

युद्धाने संगणक जन्माला घातला, हे आपण नेहमी वाचतो. तोफगोळ्यांचे तक्ते, सांकेतिक लिपीची उकल, अणुबॉम्बची गणिते ही सारी कहाणी यंत्रांची आहे. युद्ध संपल्यावर गणवेश उतरवून वर्गात परतलेल्या तरुणांची कहाणी तिच्या शेजारी क्वचितच मांडली जाते. यंत्राइतकीच तीही या शास्त्राच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

आधी हे तरुण युद्धात काय शिकले ते पाहू. अमेरिकी नौदलाला रडार दुरुस्त करणारी माणसे हजारोंनी हवी होती आणि तेवढे अभियंते देशात नव्हते. तेव्हा विल्यम एडी या नौदल अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी घेऊन हुशार पोरे निवडली जात आणि त्यांना सुमारे वर्षभर इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण दिले जाई. कॉर्बाटो सतराव्या वर्षी याच वाटेने नौदलात गेले. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी काढणारे केनेथ ओल्सेनही १९४४ ते १९४६ या काळात नौदलात इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. निर्वात नळ्या, स्पंद, पडद्यावर उमटणारा प्रकाशाचा ठिपका हे सगळे त्यांनी हाताने हाताळले. पुढच्या संगणकांची हाडेही याच सामानाची होती. रडारच्या कामात वापरलेली पाऱ्याची नळीच सुरुवातीच्या काही संगणकांत स्मृती म्हणून बसवली गेली.

एंगलबार्ट यांची हकीकत तर प्रसिद्धच आहे. ओरेगनमधल्या एका लहान शेतावर वाढलेला, नवव्या वर्षी वडील गमावलेला हा मुलगा महाविद्यालयाची दोन वर्षे करून नौदलात गेला आणि रडारचा तंत्रज्ञ झाला. त्याचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, त्याच दिवशी जपानच्या शरणागतीची बातमी आली. फिलिपीन्समध्ये पोहोचल्यावर लढाई नव्हतीच. लेटे बेटावर खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेडक्रॉसचे छोटे वाचनालय होते. तिथे त्याने व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा एक लेख वाचला. माणसाचे ज्ञान इतके वाढले आहे की हवे ते हवे तेव्हा सापडत नाही, त्यासाठी टेबलाएवढे एखादे यंत्र असावे, अशी ती कल्पना होती. १९४६ मध्ये एंगलबार्ट परतले, पदवी पूर्ण केली आणि कॅलिफोर्नियात एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागले. १९५० च्या अखेरीस, लग्न ठरल्यावर, पुढच्या आयुष्याचा विचार करताना तो लेख आणि रडारचा पडदा त्यांच्या मनात एकत्र आले. यंत्र पडद्यावर विमान दाखवू शकते, तर शब्द आणि आकृत्याही दाखवू शकेल, हे रडार जवळून पाहिलेल्या माणसाला उमगले. नोकरी सोडून ते बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्या वेळी कॅल्डिक नावाचा संगणक बांधला जात होता. १९५५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, तीही विद्युत अभियांत्रिकीत. ‘संगणकशास्त्र’ नावाचा अमेरिकेतला पहिला विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ मध्ये. म्हणजे ही मंडळी जो विषय शिकायला परतली, तो विषय त्यांच्या परतण्यानेच पुढे विषय झाला.

बॅकस यांची वाट याहून वाकडी. वर्गात बसायचा कंटाळा म्हणून त्यांना व्हर्जिनियाच्या विद्यापीठाने काढून टाकले होते. सैन्यात ते विमानविरोधी तुकडीत कॉर्पोरल झाले. तिथल्या बुद्धिचाचणीत चमकले म्हणून सैन्यानेच त्यांना आधी अभियांत्रिकी आणि मग वैद्यकीय शिक्षणाला धाडले. याच काळात त्यांच्या कवटीच्या हाडात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि डोक्यात धातूची पट्टी बसली. पुढे वैद्यकीय शिक्षणही सोडून न्यूयॉर्कमध्ये ते रेडिओ दुरुस्तीच्या शाळेत गेले, घरात चांगला ध्वनी देणारे यंत्र असावे एवढ्याचसाठी. तिथल्या एका शिक्षकाने ॲम्प्लिफायरची काही गणिते करायला मदत मागितली आणि या पोराला गणिताची गोडी लागली. कोलंबिया विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन १९५० मध्ये ते आयबीएममध्ये रुजू झाले. सात वर्षांनी फोरट्रान जगापुढे आली.

या तरुणांसाठी वर्गाचे दार उघडे होते, हा योगायोग नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांना कबूल केलेला बोनस मंदीच्या काळात मिळेना, म्हणून १९३२ मध्ये हजारो माजी सैनिकांनी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकला होता. जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखालच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकून लावले. आपल्याच सैनिकांवर आपलीच फौज घालण्याची ती नामुष्की राज्यकर्ते विसरले नव्हते. २२ जून १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि पुस्तके, शिवाय घरखर्चाला महिना ५० डॉलर, कुटुंब असल्यास ७५. ही रक्कम पुढे वाढत गेली.

विरोध झाला तो खुद्द विद्यापीठांतून. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांनी, विद्यापीठे म्हणजे बेकारांचे तळ होतील असा इशारा दिला. हार्वर्डचे जेम्स कॉनंट यांना दर्जाची काळजी होती. प्रत्यक्षात ७८ लाख माजी सैनिकांनी या कायद्याखाली कुठले ना कुठले शिक्षण घेतले आणि त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. १९४७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतला जवळजवळ दर दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. बायकामुले पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत ठेवून ही पंचविशीतली माणसे अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकांवर बसली आणि अभ्यासात त्यांच्या पुढे गेली. कॉनंट यांनी नंतर आपले मत मोकळेपणी बदलले.

या कायद्याने संगणकशास्त्राला काय दिले, ते रॉबर्ट टेलर यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. कोरियन युद्धाच्या वेळी नौदलात काम करून टेलर टेक्सासच्या विद्यापीठात परतले. कोरियाच्या सैनिकांसाठीही १९५२ मध्ये तसाच कायदा झाला होता. सरकारी पैशावर त्यांनी मनाला येईल ते विषय शिकून घेतले. मानसशास्त्र मुख्य, जोडीला गणित, तत्त्वज्ञान, इंग्रजी आणि धर्म. आपल्याकडे अशा मुलाला ‘एक धड काही करत नाही’ म्हटले असते. हेच टेलर पुढे नासात गेले, तेव्हा एंगलबार्ट यांची यंत्राकडून माणसाला काय हवे ही चमत्कारिक भाषा त्यांना कळली आणि त्यांनी संशोधनाला पैसा दिला. माउस त्यातून निघाला. १९६६ मध्ये संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ संस्थेत संगणक विभागाचे प्रमुख असताना त्यांनी वेगवेगळे संगणक जोडण्याची जी योजना सुरू केली, ती पुढे इंटरनेटचे बीज ठरली.

दुरुस्ती शिकायला वर्ष पुरते. ‘हे असेच का?’ हा प्रश्न विचारायला मात्र मोकळा वेळ लागतो. त्या कायद्याने दिली ती खरे तर हीच गोष्ट, पोटाची चिंता नसलेली तीन-चार वर्षे.

ती सर्वांना सारखी मिळाली नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीय सैनिकांना बंद होती आणि त्यांच्यासाठी असलेली महाविद्यालये इतकी लहान होती की जागेअभावी अनेकांना परत जावे लागले. फिलाडेल्फियात एनिआक या यंत्राची गणिते बसवणाऱ्या सहा तरुणी लष्करासाठीच काम करत होत्या, पण नागरी कर्मचारी म्हणून. त्यामुळे कायद्याच्या लेखी त्या ‘परतलेल्या’ नव्हत्याच. १५ फेब्रुवारी १९४६ रोजी एनिआकचे समारंभपूर्वक अनावरण झाले, तेव्हा मेजवानीचे आमंत्रणही त्यांना नव्हते.

ही तारीख टिपणात लिहिताना माझा हात थांबला, कारण तीनच दिवसांनी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांनी बंड पुकारले. आपण ते बंड स्वातंत्र्यलढ्याचे शेवटचे पर्व म्हणून वाचतो आणि ते तसे आहेच. पण ‘तलवार’ हे काय होते? ती नौदलाची सिग्नल शाळा होती. बिनतारी संदेश, तारयंत्र, संकेत यांत तयार झालेली वीस-बावीस वर्षांची पोरे तिथे होती. बंडात पुढे असलेले बलाईचंद दत्त हे स्वतः टेलिग्राफिस्ट होते. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, चांगले अन्न होते, गोऱ्या खलाशांइतका पगार होता आणि आणखी एक मागणी होती : सैन्यातून लवकर मुक्तता आणि त्यानंतर पुनर्वसनाची सोय. एंगलबार्ट ज्या वर्षी घरी परतले, त्याच वर्षी त्यांच्याच वयाची मुले मुंबईत विचारत होती, ‘युद्ध संपले, आता आमचे काय?’

उत्तर म्हणून शेकडो जणांना नोकरीतून काढले गेले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले नाही. त्या वेळी भारतात संगणक नव्हता, तेव्हा ही मुले संगणकशास्त्रज्ञ झाली असती असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण त्याच कुलाबा परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तरुण तुकडीने सुमारे दहा वर्षांत संगणकाचे प्रायोगिक यंत्र चालू केले आणि १९६० मध्ये सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचा ‘टीआयएफआरएसी’ उभा केला. नळ्या, स्पंद आणि संकेत कळणारी माणसे मुंबईत १९४६ मध्येही होती. त्यांना वर्गात बसवणारा कायदा नव्हता.

आज हा प्रश्न इतिहासातला राहिलेला नाही. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश तरुणांना सैन्यात कायम ठेवले जाते. बाकीचे एकविशी ते पंचविशीत, हातात काही लाखांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने सेवेतले प्रशिक्षण पदवीत धरण्याची सोय केली आहे, ती चांगलीच आहे. पण सेवेत असताना पदवी हातात येणे वेगळे आणि परतल्यावर तीन वर्षे घरच्यांच्या पोटाला चिमटा न बसता वर्गात बसता येणे वेगळे. या मुलांपैकी कोणी रडारसमोर बसलेला असेल, कोणी ड्रोन दुरुस्त केलेला असेल. तो उद्या साताऱ्याच्या किंवा नगरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या खिडकीशी संगणकशास्त्राचा अर्ज घेऊन उभा राहील, तेव्हा खिडकीतला कारकून नियमाप्रमाणे गॅपचे प्रतिज्ञापत्र मागेल. चार वर्षे कुठे होतास, हे त्याला मुद्रांकावर लिहून द्यावे लागेल. त्या चार वर्षांत तो काय शिकून आला, हे विचारणारा रकाना त्या अर्जात आपण केव्हा घालणार?