डॉ. डांक्वा आणि एक हरलेला युक्तिवाद

घानाच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली म्हणजे क्वामे एन्क्रुमा यांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या पक्षाने एन्क्रुमांना १९४७ साली लंडनहून मायदेशी बोलावून घेतले, त्या डॉ. जोसेफ बोआके डांक्वा यांचे चरित्र आम्हां वकीलवर्गाला अधिक अस्वस्थ करते.

१८९५ साली ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत जन्मलेल्या डांक्वांनी लंडनला तत्त्वज्ञान आणि कायदा यांचे अध्ययन केले. मायदेशी परतल्यावर वृत्तपत्र काढले, अकान लोकांच्या ईश्वरकल्पनेवर ग्रंथ लिहिला आणि १९४७ साली साल्टपाँड येथे राजकीय पक्ष स्थापन करण्यात पुढाकार घेतला. स्वभावाने ते नेमस्त. सनदशीर मार्गावर त्यांची अपार श्रद्धा. बाजारातील विक्रेत्या बायका आणि गोदीतले मजूर एन्क्रुमांच्या मागे गेले, ते डांक्वांना कधी लाभले नाहीत. १९४९ साली दोघांचे मार्ग वेगळे झाले.

६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि दुसऱ्याच वर्षी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. चौकशीवाचून पाच वर्षांपर्यंत माणसाला डांबण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. याच नावाचा कायदा आपल्या संसदेने १९५० साली केला होता, हे विसरून घानावासीयांना नावे ठेवणे बरे नव्हे. मात्र आपल्या घटनेत मूलभूत हक्क होते, आणि त्यांच्याच बळावर सर्वोच्च न्यायालयाने गोपालन खटल्यात निदान त्या कायद्याचे चौदावे कलम रद्द केले.

घानात तो आधार होता काय? हाच प्रश्न १९६१ साली अकोटो खटल्यात उभा राहिला. असांतेच्या राजाचे ज्येष्ठ प्रवक्ते बाफूर ओसेई अकोटो व इतर सात स्थानबद्धांची बाजू डांक्वांनी मांडली. १९६० च्या घटनेच्या तेराव्या कलमाप्रमाणे अध्यक्षाने अधिकारग्रहण करताना व्यक्तिस्वातंत्र्य राखण्याची ग्वाही द्यावयाची असे. ही ग्वाही संसदेवरही बंधनकारक आहे, म्हणून कायदा घटनाबाह्य, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकसमयीच्या शपथेसारखेच हे नैतिक बंधन आहे, त्याच्या भंगावर उपाय मतपेटीचा, न्यायालयाचा नव्हे, असा निर्णय झाला. शब्दार्थाच्या दृष्टीने तो सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. पण न्यायाधीशांनी बोट दाखविलेली मतपेटी तरी कितीशी शाबूत राहिली? १९६४ च्या आरंभी सार्वमत घेऊन देश एकपक्षीय करण्यात आला.

त्याच्या आदल्याच महिन्यात, राजद्रोहाच्या खटल्यातील तीन आरोपींना निर्दोष सोडल्यावर, सरन्यायाधीश कोर्सा यांना पदच्युत करण्यात आले होते. अकोटो खटल्याचा निर्णय देणाऱ्या न्यायपीठाचे प्रमुख हेच.

डांक्वांना स्वतःला निकालाच्याच वर्षी, ऑक्टोबरात, त्याच कायद्याखाली पकडले आणि १९६२ साली सोडले. जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा पकडले. या वेळी सुटका झाली नाही. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी एन्सावामच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला; खटला अखेरपर्यंत चाललाच नाही.

पुढच्याच वर्षी सैन्याने एन्क्रुमांची सत्ता उलथली. १९६९ च्या घटनेत नागरिकांचे हक्क न्यायालयाकडून बजावून घेता येतील अशा स्पष्ट कलमांत नमूद झाले. डांक्वांना जाऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती.