अजिनोमोटो घरच्या जेवणात वापरावे का? जाणून घ्या

अंधेरी, घाटकोपरच्या चायनीज गाड्यांवर दिसणारी ही पांढरी पूड काही जण घरच्या भाजीतही टाकतात. अजिनोमोटो हे कंपनीचे नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट; पाकिटावर ‘६२१’ असे लिहिलेले असते. १९०८ मध्ये जपानचे किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातली ही चव शोधली. आज उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून ते बनवतात. टोमॅटोतही ग्लुटामेट नैसर्गिकच असते.

हे विष नाही, पण यात सोडियम आहे. मिठात सुमारे ३९ टक्के, यात १२ टक्के. चार जणांच्या भाजीला पाव चमचा पुरे, आणि मीठही कमी करा. नेहमीचे मीठ टाकून वर हे घातले तर सोडियम वाढणारच. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नका.