चितेगाव ते शूलीभंजन : सायकलने मोजलेला इतिहास

एकनाथ महाराजांचा धडा आपल्या सगळ्यांना होता. जन्म पैठणचा, सोळाव्या शतकातला. आईवडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवले. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी कोणाला न सांगता घर सोडले आणि देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. एवढे लिहिले की गुण मिळत. ‘पैठणहून देवगिरीला गेले’ म्हणजे किती गेले, हे ना आपण विचारले ना सरांनी.

ते कळले आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या सायकल गटामुळे. पैठणहून देवगिरीकडे निघालेल्याला आजच्या रस्त्याने चितेगाव ओलांडावेच लागते. म्हणजे निम्मी वाट आपल्या दारातूनच सुरू होते. पहाटे निघालो. गेवराई, कांचनवाडी, नक्षत्रवाडी, मग छावणी, पडेगाव, मिटमिटा. कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर चुकवण्यातच हा टप्पा गेला; त्यात सांगण्यासारखे काही नाही.

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जातो. हा अंबरकोट, मलिक अंबरच्या नावाचा. एका वेळी एकच मोठी गाडी मावते, त्यामुळे तिथे कायम कोंडी. सायकली तेवढ्या कडेने सुटतात! आत जनार्दनस्वामी निजामशाहीच्या काळात किल्लेदार होते. हिशोबात एका पैची चूक नाथांनी रात्रभर शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ती गोष्ट इथलीच. गटातल्या बँकवाल्या मित्राने ती ऐकून नुसती मान हलवली.

खरा धडा पुढच्या घाटात. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडे वर, तर खुलताबाद सुमारे साडेआठशे. बसमधून हा चढ जाणवत नाही. आम्ही अर्ध्यात उतरलो आणि सायकली ढकलल्या. बारा वर्षांचे पोर पैठणहून इकडे पायी आले असेल, हे त्या वळणावर पहिल्यांदा पटले.

वर खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. तो १६२६ मध्ये वारला. खाली ज्याच्या कोटातून आलो, तो माणूस वर झोपलेला. बुऱ्हाणुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे नाथांच्या आधीपासून इथे होते. तिथून थोड्याच अंतरावर शूलीभंजन, जिथे गुरूच्या सांगण्यावरून नाथांनी अनुष्ठान केले असे मानतात. दत्तमंदिराजवळ बसून भाकरी, ठेचा सोडला तेव्हा बोलणे यावरच आले. आपण नाथ शिकलो मराठीच्या तासाला आणि मलिक अंबर इतिहासाच्या. मधल्या घंटेने दोघांची कधी गाठच पडू दिली नाही. इथे मात्र सगळे एका सकाळच्या टप्प्यात. ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिणारा कवी सुलतानाच्या नोकरीतल्या गुरूच्या घरी, दर्ग्यांच्या शेजारच्या डोंगरावर घडला, हे कळले की ते भारूड निराळे वाचले जाते. माझ्या मते नाथांना फक्त पैठणच्या वाळवंटात शोधणे हे अर्धेच शोधणे आहे.

उतारावर कोणी पॅडल मारले नाही. चितेगावला पोहोचेतो दिवे लागले होते.

पुढची फेरी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन करायचे ठरते आहे. रहदारीमुळे शरणापूरपर्यंत सायकली टेम्पोत, तिथून पुढे स्वारी. पंक्चरचे सामान गटाचे. मराठीचे आणि इतिहासाचे असे दोन्ही शिक्षक सोबत हवेत. निवृत्त सरांपैकी कोणी येणार असतील तर टेम्पोत पुढची जागा राखून ठेवतो.